कुळांचा पक्ष आणि फझलुल हक

बी. ए.च्या विद्यार्थ्याला फझलुल हक हे नाव एकाच वाक्यात भेटते. मार्च १९४० मध्ये लाहोरला भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनात त्यांनी तो प्रसिद्ध ठराव मांडला, हे ते वाक्य. ते लिहिले की गुण मिळतात आणि हकसाहेब तेथेच संपतात. मला मात्र ज्या हकांविषयी लिहावयाचे आहे ते त्याच्या तीन वर्षे आधीचे. हाती पैसा नाही, वर्तमानपत्रांचे पाठबळ नाही, मागे एकही मोठे घराणे नाही, अशा पक्षाला घेऊन हा मनुष्य निवडणुकीत उतरला आणि त्या काळच्या बंगाल प्रांताचा मुख्यमंत्री झाला. (त्या वेळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत.) तो पक्ष कुळांचा होता, आणि सत्ता हाती आल्यावर त्याचे जे झाले ते राज्यशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने एकदा तरी नीट पाहावे असे मला वाटते.

आधी बंगालच्या जमिनीची हकिकत सांगितली पाहिजे. आपल्या दख्खनकडे रयतवारी होती. शेतकरी आपला सारा थेट सरकारात भरत असे. बंगालमध्ये १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने कायमधाऱ्याची पद्धत घातली. जमीनदाराने सरकारला द्यावयाची रक्कम कायमची ठरली. त्याने कुळाकडून किती घ्यावे हे मात्र मोकळे राहिले. मग जमीनदाराने आपला हक्क खालच्याला दिला, त्याने त्याच्या खालच्याला, आणि कसणारा व सरकार यांच्यामध्ये मध्यस्थांची उतरंड उभी राहिली. खंडाखेरीज ‘आबवाब’ नावाच्या बेकायदा पट्ट्या असत. जमीनदाराघरी लग्न निघाले, हत्ती घ्यावयाचा ठरले, की कुळाने पट्टी द्यावयाची. कुळाने आपली जमीन विकली तर किमतीतला वाटा ‘सलामी’ म्हणून जमीनदाराचा. १९२८ च्या कायद्याने ही सलामी किमतीच्या शेकडा २० ठरवून दिली. त्याच कायद्याने कुळाला आपल्या शेतातले झाड तोडण्याचा हक्क मिळाला, म्हणजे तोवर तो नव्हता हे लक्षात घ्यावे. जमीनदाराच्या कचेरीत कुळाने बसावयाचे नाही, आणि कारकुनानेही त्याला अरेतुरे करावयाचे, ही रीत होती. कोकणातल्या खोताची ओटी ज्यांनी ऐकली-वाचली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बंगालीत या कुळाला ‘प्रजा’ म्हणतात. आपल्याकडे प्रजा राजाची असते. तेथे ती जमीनदाराची होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयाची. पूर्व बंगालमध्ये जमीनदार व सावकार बहुतांशी हिंदू आणि कुळे बहुतांशी मुसलमान. अपवाद दोन्हीकडे पुष्कळ होते. डाक्क्याचे नबाब हे स्वतः मोठे मुसलमान जमीनदार होते. तरीपण खंडाचे भांडण धर्माचे भांडण म्हणून पेटविणे तेथे फार सोपे होते. हकांच्या सबंध आयुष्यावर या एका गोष्टीची सावली आहे.

अबुल कासिम फझलुल हक यांचा जन्म २६ ऑक्टोबर १८७३ चा. गाव साटुरिया, जिल्हा तेव्हाचा बाकरगंज. हा मुलूख नद्यांचा, खाड्यांचा. घरातून बाहेर पडावयाचे तर होडी हवी. वडील बारिसालला वकिली करीत. मुलगा विलक्षण बुद्धिमान. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून रसायन, पदार्थविज्ञान आणि गणित या तीनही विषयांत ऑनर्ससह बी. ए., मग गणितात एम. ए., मग कायद्याची पदवी. वकिलीचे पहिले धडे त्यांनी सर आशुतोष मुखर्जींच्या हाताखाली गिरविले. पुढे १९४१ मध्ये याच आशुतोषांचे चिरंजीव श्यामाप्रसाद हकांच्या मंत्रिमंडळात बसले, हे येथेच सांगून ठेवतो.

१९०६ साली डाक्क्यात मुस्लिम लीगची स्थापना झाली त्या वेळी हक तेथे होते. त्याच वर्षी ते सरकारी नोकरीत शिरले आणि पाचएक वर्षे डेप्युटी मॅजिस्ट्रेट व सहकार खात्यातील अधिकारी म्हणून खेड्यापाड्यांतून हिंडले. माझ्या मते हकांचे खरे शिक्षण या पाच वर्षांत झाले. सहकार खात्याच्या माणसाला शेतकऱ्याच्या कर्जाचा कागद पाहावा लागतो. मुद्दल केवढे, व्याज केवढे, अंगठा कोणाचा आणि अक्षर कोणाचे, हे सारे त्या कागदावर असते. गणिताच्या एम. ए.ला ते हिशेब काय दिसले असतील याची कल्पना करावी. बढती डावलली गेल्यावर १९११ च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली, पुन्हा वकिली धरली, आणि १९१३ मध्ये ते बंगालच्या कायदे कौन्सिलात निवडून आले.

पुढची वीस वर्षे मी भराभर सांगतो. १९१६ च्या लखनौ करारात त्यांचा हात होता. १९१८ साली ते लीगच्या दिल्ली अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, आणि त्याच सुमारास काँग्रेसचे सरचिटणीसही होते. त्या काळी हे एकाच वेळी चालत असे. जालियनवाला बागेच्या चौकशीसाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर हकांचेही नाव होते. पण असहकारात शाळा-कॉलेजांवर बहिष्कार घालण्याचे ठरले तेव्हा ते दूर झाले. आमची मुले आत्ता कुठे शाळेची पायरी चढू लागली आहेत, त्यांना खाली उतरावयास सांगणे मला जमणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२४ मध्ये ते काही महिने शिक्षणमंत्री होते. कलकत्त्याच्या इस्लामिया कॉलेजच्या स्थापनेमागे तेच होते. आज ते मौलाना आझाद कॉलेज म्हणून ओळखले जाते. १९३५ मध्ये ते कलकत्त्याचे महापौर झाले.

एवढी पदे मिळूनही या माणसाच्या हातात पैसा ठरला नाही. देण्याचा स्वभाव, खाण्याचा शौक, आणि दारी आलेल्याला नाही म्हणता येत नाही अशी अडचण. शब्द देत आणि विसरतही. त्यांचे मित्र व शत्रू दोघेही याविषयी सारखीच तक्रार करीत आले आहेत.

कुळांची चळवळ मात्र त्यांनी निर्माण केली नव्हती. मैमनसिंग जिल्ह्यात १९१४ सालीच प्रजांची परिषद भरली होती. हक तिला हजर होते. १९२९ मध्ये निखिल बंग प्रजा समिती स्थापन झाली. त्याच्या आदल्याच वर्षी कुळकायद्याच्या दुरुस्तीवर कौन्सिलात मतदान झाले होते, आणि काँग्रेसच्या स्वराज्य पक्षाचे बहुतेक सभासद जमीनदारांच्या बाजूने उभे राहिले होते. त्या एका मतदानाने पूर्व बंगालमधील कुळांच्या मनातून काँग्रेस उतरली ती पुन्हा नीटशी चढली नाही. मग मंदी आली. तागाचे भाव कोसळले. ताग हे पूर्व बंगालचे रोकडीचे पीक. कुळाच्या हाती पैसा आला तर त्यातूनच. खंड आणि व्याज मात्र होते तेवढेच राहिले. १९३५ मध्ये हक समितीचे अध्यक्ष झाले, आणि १९३६ मध्ये डाक्क्याच्या अधिवेशनात तिचे नाव कृषक प्रजा पक्ष असे झाले.

त्या वर्षी जीनांनी या पक्षाला लीगमध्ये ओढण्याचा प्रयत्न करून पाहिला. जमीनदारी बिनमोबदला नष्ट करावी ही प्रजा पक्षाची पहिली मागणी. जीनांना ती मान्य होण्यासारखी नव्हती. लीगमध्ये डाक्क्याचे नबाब बसले होते. बोलणी फिसकटली. हकांनी आपला जाहीरनामा एका शब्दात आणून ठेवला : डाळभात. प्रत्येकाच्या पानात डाळभात पडला पाहिजे. राजकीय विचारवंत या घोषणेला हसले असतील, पण नदीकाठच्या बाजारात तिचे भाषांतर करावे लागत नव्हते.

१९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या वाढली होती. थोडासा चौकीदारी कर भरणाऱ्या कुळालाही मत मिळाले. त्याला या आधी कोणी विचारलेच नव्हते, त्यामुळे तो काय करील याचा अंदाज कोणालाच नव्हता.

हकांनी स्वतः जागा निवडली ती पटुआखालीची. समोर सर ख्वाजा नाझिमुद्दीन. डाक्क्याच्या नबाब घराण्यातले, केंब्रिजमध्ये शिकलेले, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. त्या भागात नबाब घराण्याची जमीनदारीही होती. म्हणजे जमीनदार आपल्याच कुळांकडे मत मागत होता. सरकारी वजन, पैसा, मौलवींचे फतवे, सारे नाझिमुद्दीनांच्या बाजूला. १९३७ च्या आरंभी मतदान झाले आणि नाझिमुद्दीन मोठ्या फरकाने पडले. पिरोजपूर या दुसऱ्या मतदारसंघातही हक निवडून आले. सबंध बंगालमध्ये त्या निवडणुकीत एवढी चर्चा दुसऱ्या कोणत्याही निकालाची झाली नाही.

तरीपण आकडे पाहा. विधानसभेच्या जागा २५०. काँग्रेसला पन्नासच्या वर, लीग व प्रजा पक्ष दोघेही चाळिशीच्या आत, स्वतंत्र मुसलमान सभासद चाळीसच्या वर. शिवाय मूठभर युरोपियनांना राखून दिलेल्या जागा २५! बहुमत कोणालाच नाही. हकांना कोणाचा तरी हात धरावाच लागणार होता, आणि त्यांची पहिली पसंती काँग्रेसला होती याविषयी फारसा मतभेद नाही.

बोलणी जवळजवळ जमली होती. कार्यक्रमावर एकमत झाले होते. मोडली ती कलमांच्या क्रमावर. काँग्रेसचे म्हणणे, राजबंद्यांची सुटका हे पहिले कलम असावे, आणि गव्हर्नरने अडविले तर मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा. प्रजा पक्षाचे म्हणणे, आधी कुळांचा आणि सावकारीचा कायदा करू, मग राजबंद्यांसाठी भांडू. राजीनामा द्यावयाचाच तर कुळाच्या पदरात काही टाकून देऊ. काँग्रेसची बाजू पोकळ नव्हती. शेकडो तरुण खटल्याविना स्थानबद्ध होते, अंदमानात बंगालची मुले होती. कोणत्या तोंडाने ते कलम खाली घ्यावयाचे? पण ज्यांच्या मतांवर प्रजा पक्ष निवडून आला त्यांच्या घरचा कोणी अंदमानात नव्हता. त्यांची जमीन लिलावात होती. शिवाय जेथे बहुमत नाही तेथे दुसऱ्याबरोबर मंत्रिमंडळ बनवावयाचे नाही, हे काँग्रेस श्रेष्ठींचे धोरण वर होतेच.

वरचे कलम खाली आणि खालचे वर, एवढ्यासाठी बोलणी तुटली. हे वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते. त्या दिवशी थोडी सवड, थोडा समजूतदारपणा दोन्हीकडे असता तर बंगालमध्ये हिंदू मध्यमवर्ग आणि मुसलमान कूळ एका सरकारात बसले असते. पुढचा इतिहास तेवढ्याने बदललाच असता असे मी म्हणणार नाही. इतिहासाच्या मास्तराने असे म्हणू नये.

लीग टपूनच होती. तिने हकांना मुख्यमंत्रिपद देऊ केले आणि ते त्यांनी घेतले. १ एप्रिल १९३७ रोजी अकरा जणांच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. नावे वाचा : डाक्क्याचे नबाब हबीबुल्ला, कासिमबाजारचे महाराज श्रीशचंद्र नंदी, महसूल खात्यावर जमीनदारांचेच प्रतिनिधी सर बिजयप्रसाद सिंह राय. आणि गृहमंत्री? सर नाझिमुद्दीन! पटुआखालीच्या कुळांनी ज्यांना घरी बसविले होते त्यांच्यासाठी सुऱ्हावर्दींनी आपली कलकत्त्याची एक जागा रिकामी करून दिली आणि पोटनिवडणुकीने ते आत आले. प्रजा पक्षाचे म्हणावेत असे मंत्री दोनच, स्वतः हक आणि सय्यद नौशेर अली. नौशेर अलींनाही १९३८ मध्ये वगळण्यात आले. कुळांनी निवडून दिलेले मंत्रिमंडळ बहुतांशी जमीनदारांचे निघाले. काही महिन्यांतच प्रजा पक्षाच्या आमदारांचा मोठा गट विरोधी बाकांवर जाऊन बसला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लखनौ येथे हक लीगमध्ये सामील झाले. ‘शेरे बंगाल’ ही पदवी त्यांना तेथलीच. वाघ पिंजऱ्यात शिरला तेव्हा त्याला ती मिळाली असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

येथे थांबून हकांना सत्तालोलुप म्हणावे आणि विषय मिटवावा, असे पुष्कळांनी केले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण १९३८ चा कायदा समोर येतो. त्या कुळकायदा दुरुस्तीने सलामी गेली. कुळाने जमीन विकली तर जमीनदाराने ती आधी घ्यावी हा हक्क गेला. आबवाब गेले. दहा वर्षे खंडवाढ बंद. थकलेल्या खंडावरचे व्याज शेकडा साडेबारावरून सव्वासहावर आले. नदीने गिळलेली जमीन वीस वर्षांत पुन्हा वर आली तर चार वर्षांचा खंड भरून कुळाला परत मिळावी अशी तरतूद झाली. बाकरगंजच्या माणसाखेरीज हे कलम कोणाला सुचले असते? १९३५ च्या कायद्याने निघालेली कर्ज तडजोड मंडळे गावोगाव पोचली. १९४० च्या सावकारी कायद्याने तारणी कर्जावर शेकडा ८ आणि बिनतारणीवर १० अशी व्याजाची मर्यादा घातली, आणि मुद्दल व व्याज मिळून मुद्दलाच्या दुपटीहून अधिक वसूल करता येणार नाही असे ठरविले. आपल्या ‘दामदुप्पट’ या जुन्या नियमाचीच ही बंगाली बहीण. जमीनदारांच्या मंत्रिमंडळाकडून एवढे काढून घेणे हे सोपे काम नव्हते. त्याच वर्षांत मुंबईच्या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर खोती नष्ट करण्याचे विधेयक घेऊन उभे होते, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा त्यासाठी मुंबईत आला. पण खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. सत्तेबाहेर राहून काय होते आणि आत शिरून काय होते, याचा ताळा मांडताना ही दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. गंमत अशी की खटल्याविना डांबलेल्या बहुतेक राजबंद्यांची सुटकाही १९३८ संपण्यापूर्वी नाझिमुद्दीनांच्याच खात्याकडून झाली.

पण कायद्यात एक मोठे भोक होते. बर्गादार, म्हणजे दुसऱ्याची जमीन अर्ध्या वाट्याने कसणारा, त्याला १९३८ च्या कायद्याने काहीच दिले नाही. शेतमजुरालाही नाही. कारण उघड आहे. प्रजा पक्षाचे पुढारी वकील, मुख्त्यार, शाळामास्तर आणि बऱ्या स्थितीतली कुळे होती; त्यांच्यापैकी पुष्कळांची जमीन बर्गादारच कसत. ज्याला मत होते त्याचा कायदा झाला. जमीनदारीचा विचार करण्यासाठी फ्लाउड कमिशन नेमले गेले. त्याने १९४० मध्ये जमीनदारी विकत घेऊन संपवावी आणि बर्गादाराकडून मालकाने एकतृतीयांशच घ्यावे अशी शिफारस केली. ती कपाटात राहिली. १९४६ मध्ये बर्गादारांनी तेभागाचा लढा उभारला तो याच मागणीसाठी.

याच वर्षांत हकांनी केलेली काही भाषणे जातीय विष पेरणारी होती. खंडाचे भांडण सोडून धर्माचे भांडण हाती घेतले की टाळ्या लवकर पडतात, हे त्यांनाही कळले होते. लाहोरचा ठराव त्याच प्रवासातला. आणि तरी १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण मंडळावरून जीनांशी बिनसले, तेव्हा डिसेंबरात त्यांनी लीग सोडून हिंदुमहासभेच्या श्यामाप्रसाद मुखर्जींना बरोबर घेतले! तेच ते दुसरे मंत्रिमंडळ.

१९४२ मध्ये जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांतून तांदूळ हलविण्याचे आणि होड्या जप्त करण्याचे हुकूम निघाले. त्यांत हकांचा बाकरगंजही होता, जेथे होडीवाचून बाजार नाही आणि शेतही नाही. गव्हर्नर मंत्र्यांना डावलून अधिकाऱ्यांकरवी कारभार करीत होता. हकांनी ऑगस्टमध्ये त्याला पत्र लिहून निषेध केला, तांदळाच्या टंचाईची सूचना दिली. मार्च १९४३ मध्ये गव्हर्नर हर्बर्टने तयार राजीनाम्यावर त्यांची सही घेतली. जागेवर आले नाझिमुद्दीन. त्या वर्षीच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, आणि मेली ती मुख्यतः शेतमजूर, कोळी, कारागीर. १९३८ च्या कायद्यात ज्यांचे नाव नव्हते तीच माणसे.

१९४६ च्या निवडणुकीत हकांचा पक्ष जवळजवळ पुसला गेला. फाळणीनंतर ते डाक्क्यात सरकारी वकिलीच्या सर्वोच्च पदावर होते. सारे त्यांना विसरले असे वाटत असता, १९५३ मध्ये त्यांनी कृषक श्रमिक पक्ष काढला आणि भासानी व सुऱ्हावर्दी यांच्यासह संयुक्त आघाडी केली. २१ फेब्रुवारी १९५२ चा भाषेसाठीचा गोळीबार ताजा होता. मार्च १९५४ मध्ये मुसलमानांच्या २३७ जागांपैकी २२३ आघाडीला मिळाल्या. सत्ताधारी लीगला दहाही मिळाल्या नाहीत. खुद्द मुख्यमंत्री नूरुल अमीन एका विद्यार्थी नेत्याकडून पडले. हक ऐंशी वर्षांचे होते. ३ एप्रिलला त्यांनी शपथ घेतली, कलकत्त्याला जाऊन दोन्ही बंगाल एकाच भाषेचे अशा अर्थाचे हळवे बोलले, कराचीने त्यांना देशद्रोही ठरविले आणि ३० मे रोजी मंत्रिमंडळ बरखास्त झाले. पुढच्याच वर्षी ते त्याच कराचीत केंद्रीय गृहमंत्री होते, आणि १९५६ ते १९५८ पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर. त्यांच्या आयुष्यात अशा उलटापालटींचे आश्चर्य वाटून घेणे आपण केव्हाच सोडून दिलेले असते.

पूर्व बंगालमधील जमीनदारी त्याआधीच, १९५० च्या कायद्याने संपली होती. तो कायदा हकांचा नव्हता. लीगच्या सरकारने केला.

२७ एप्रिल १९६२ रोजी डाक्क्यात हकसाहेबांचे निधन झाले. हायकोर्टाजवळ त्यांची कबर आहे. पुढच्या वर्षी सुऱ्हावर्दी वारले आणि १९६४ मध्ये नाझिमुद्दीन. त्यांनाही तेथेच पुरले. एकाच उंच कमानीखाली तिघे आहेत. पटुआखालीचा विजेता, पटुआखालीचा पराभूत, आणि त्या पराभूताला आपली जागा देणारा.